अल्प खर्चातील लहान घर
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



संमेलनाच्या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षणावर, विवाहसंस्थेवर आणि ज्ञातिसंघटनेवर विचार मांडले जातात. ते व्हावेत यात वाद नाही. परंतु कार्यकारी मंडळाने यंदा आम्हांस बोलावयास सांगितले, तेव्हा आम्ही मुद्दाम विटामातीचा विषय मागून घेतला. ‘घर पहावे बांधून’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. तिच्यात धसका आहे, आणि तो निराधार नाही. तथापि आमचे म्हणणे असे की, हा धसका बहुधा मोठ्या घराचा असतो. लहान घराची ओळख आपण करूनच घेतलेली नाही.

आपल्यांपैकी बहुतेक कुटुंबांचे मूळ गाव जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात, म्हणजे १९८१ साली ज्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला त्या मुलुखात आहे. आजोबा-पणजोबांनी बांधलेली घरे तेथे होती. ओटी, माजघर, देवघर, मागची पडवी, वर माळा, असा तो विस्तार होता, आणि तो वीस-पंचवीस माणसांच्या राबत्यासाठी होता. राबता सरला, तशी घरे बसू लागली. एका पावसात कौले सरकतात, दुसऱ्या पावसात वासा कुजतो, आणि तिसऱ्या पावसात भिंतीचा माथा भिजला की पुढचे सांगणे न लगे. मग प्रश्न उभा राहतो तो गणपतीचा. घराण्याचा गणपती ज्या छपराखाली बसत आला ते छप्परच नाहीसे झाले, तर तो कोठे बसवायचा? कोणी शेजारच्या भाऊबंदांच्या ओटीवर बसवतो, कोणी मुंबईस आणतो, आणि एकदा तो मुंबईस आला की दोन पिढ्यांत गावाचे नाव केवळ कुलवृत्तांतात उरते. १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाल्यापासून रात्री गाडीत बसून सकाळी गावी उतरता येते. जाण्याची सोय झाली आणि उतरण्याची जागा गेली, अशी ही स्थिती आहे.

यावर आपली मंडळी दोनच उपाय योजताना दिसतात. एक, काहीच न करणे. दुसरा, कर्ज काढून सिमेंटचा दुमजली बंगला बांधणे, जो वर्षातील अकरा महिने कुलुपात असतो आणि ज्याचे हप्ते बाराही महिने चालू असतात. या दोहोंच्या मधला मार्ग दाखविणे एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू होय.

लहान घराचा जमाखर्च लिहून ठेवणारा एक माणूस जगप्रसिद्ध आहे. प्रारंभी त्याची वही उघडू. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स संस्थानात काँकर्ड नावाचे गाव आहे. तेथील हेन्री डेव्हिड थोरो हा पदवीधर गृहस्थ १८४५ सालच्या मार्चअखेर दुसऱ्याची कुऱ्हाड मागून घेऊन वॉल्डन तळ्याच्या काठी गेला आणि त्याने पाइनची झाडे तोडून स्वतः खोपटे उभारण्यास आरंभ केला. खोपटे किती? दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब, आठ फुटी खांब. त्याच वर्षी ४ जुलैस तो तेथे राहावयास गेला. पुढे १८५४ साली ‘वॉल्डन’ या ग्रंथात त्याने सगळा खर्च सेंटापर्यंत छापून टाकला. एकूण बेरीज २८ डॉलर १२॥ सेंट. केंब्रिजच्या विद्यापीठातील विद्यार्थी जवळपास तेवढ्याच खोलीस वर्षाला ३० डॉलर भाडे देत होता, हेही त्याने नमूद केले आहे. अर्थात् एका वर्षाच्या भाड्यात घर झाले.

ही वही नीट वाचावी अशी आहे. सर्वांत मोठी रक्कम फळ्यांची, ८ डॉलर ३॥ सेंट. या फळ्या बव्हंशी जुन्या. रेल्वेवर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराची झोपडी त्याने ४ डॉलर २५ सेंटांस विकत घेतली, ती उतरवली, आणि फळ्या गवतावर पसरून उन्हात ठेवल्या, म्हणजे बाक निघून जावा. छपरासाठी व भिंतींसाठी टाकाऊ लाकडी पत्रे, ४ डॉलर. दोन जुन्या खिडक्या काचांसह, २ डॉलर ४३ सेंट. एक हजार जुन्या विटा, ४ डॉलर. नवे म्हणून जे घ्यावे लागले त्यात खिळ्यांचे ३ डॉलर ९० सेंट फार बोचतात. त्यातील गंमत अशी की, झोपडी उतरवून फळ्या वाहून नेण्याच्या मधल्या वेळात एक शेजारी तिचे सरळ व चांगले खिळे वेचून खिशात घालीत होता! बांधकामावर ज्याने कधी देखरेख केली आहे त्यास हा शेजारी अनोळखी वाटणार नाही. चुना महाग पडला आणि गिलाव्यात मिसळावयाचे केस गरजेपेक्षा जास्त आले, हेही त्याने लिहिले आहे. वाहतुकीचा खर्च मात्र अवघा १ डॉलर ४० सेंट. कारण बराचसा माल त्याने पाठीवरून नेला.

आता या वहीत काय नाही ते पाहा. जमीन नाही, ती त्याचा स्नेही इमर्सन याची होती. इमारती लाकूड, दगड आणि वाळू नाही. ती जागेवर मिळाली. मजुरी नाही, ती त्याची स्वतःची. सांगाडा उभा करण्याच्या दिवशी काही मित्र हात लावावयास आले होते, त्यांचीही नोंद पैशांत नाही. म्हणून २८ डॉलरांचा आकडा ऐकून जो मोहरून जातो त्याची फसगत ठरलेली. आमच्या मते त्या आकड्याहून तीन गोष्टी मोलाच्या आहेत. माप लहान ठेवले, जुना माल घेतला, आणि काम टप्प्याटप्प्याने केले. तो राहावयास गेला त्या दिवशी धुराडे नव्हते, भिंतींना गिलावा नव्हता. छप्पर मात्र पुरे झालेले होते. धुराडे शरदात बांधले, गिलावा थंडी पडल्यावर केला.

आपल्या देशातही हा विचार नवा नाही. गांधीजींनी १९३७ साली ‘हरिजन’ पत्रात आदर्श खेड्याचे वर्णन करताना घरे पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या साहित्याची असावीत असे लिहिले होते. लॉरी बेकर या बर्मिंगहॅमच्या तरुण वास्तुशिल्पज्ञास दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बोटीची वाट पाहत मुंबईस थांबावे लागले. तेथे त्यांची गांधीजींशी भेट झाली, आणि पुढे ते या देशातच राहिले. १९९० साली ते पद्मश्री झाले आणि २००७ साली तिरुवनंतपुरम येथे निवर्तले. केरळात त्यांनी कमी खर्चाची असंख्य घरे बांधली. घरातील प्रत्येक वस्तूविषयी ‘ही खरोखर लागते काय?’ असे विचारावे, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा होता. केरळचा पाऊस आणि आपला पाऊस हे सख्खे भाऊ. तेव्हा त्यांचे म्हणणे आपल्याकडे बरेचसे जसेच्या तसे लागू पडते.

आता आपल्या घराकडे वळू. प्रथम माप. गणपतीत चार दिवस, शिमग्यास दोन दिवस, मे महिन्यात मुले, आणि निवृत्तीनंतर नवराबायको मुक्कामास, एवढ्या उपयोगास बाहेरून २२ फूट लांब व १३ फूट रुंद घर पुरते. मधोमध एक आडभिंत घातली की सुमारे दहा फूट बाय साडेअकरा फुटांच्या दोन खोल्या निघतात. पुढची खोली बसण्याउठण्याची व गणपतीची, मागची निजण्याची व चुलीची. यावर एखादी वहिनी म्हणतील की, नणंदा-जावा आल्यावर निजायचे कोठे? निजायचे पडवीत. पडवी नंतर जोडता येते, तिचे सांगतो.

आकाराचेही एक गणित आहे, आणि ते फुकट शिकण्यासारखे आहे. २२ बाय १३ चे क्षेत्र २८६ चौरस फूट. भोवतालची भिंत ७० फूट. तेवढेच क्षेत्र ३६ बाय ८ अशा लांबोळ्या घरात घातले तर भिंत ८८ फूट होते. जागा तीच, भिंत अठरा फूट अधिक. मग त्यात कोणी पुढे गॅलरी काढतो, बाजूस कोपरा काढतो. प्रत्येक कोपऱ्यात गवंड्याचा वेळ जातो आणि छपरास सांधा पडतो. दोन पाखी जेथे आतल्या कोनात मिळतात तेथे पाणी धावते, पालापाचोळा साचतो आणि घर तेथेच गळते. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांवर पाऊस घेणाऱ्या प्रदेशात सरळ दोन पाख्यांच्या छपरासारखे सुख नाही.

भिंतीस जांभा दगड. १८०७ साली फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारात हा दगड पाहून त्यास विटेवरून लॅटिन नाव दिले, कारण तो खाणीत मऊ असतो, विटेसारखा कापता येतो आणि हवेवर घट्ट होतो. आपल्या पूर्वजांस हे बुकॅननने सांगावे लागले नव्हते. चिऱ्याचे माप खाणीगणिक बदलते. समजा १४ इंच लांब, ७ इंच उंच आणि ९ इंच जाड असा चिरा मिळाला, तर नऊ फूट उंचीच्या भिंती, आडभिंत आणि वरचे त्रिकोण मिळून, दारेखिडक्या वजा जाता, हजाराच्या आतबाहेर चिरे लागतात. फूटतूट धरून अकराशे मागवावेत. पाया आणि जोते यांचा हिशेब वेगळा.

एका चिऱ्याचे वजन तीस किलोच्या घरात असते. अकराशे चिरे म्हणजे तेहेतीस हजार किलो. आपली पुष्कळ घरठाणे मोटाररस्त्यापासून आत, पाखाडी चढून किंवा पाणंदीने जावे अशी आहेत. गाडी जेथे थांबते तेथून जोत्यापर्यंत हा सगळा भार माणसांनी डोक्यावरून न्यावयाचा आहे. आम्ही आग्रहाने सांगतो की, दर ठरविताना खाणीवरचा भाव विचारू नका. जोत्यावर पडलेल्या चिऱ्याचा भाव विचारा. थोरोने पाठीवरून माल नेला, तो तीस वर्षांच्या आतला होता. आपल्या साठीतल्या मंडळींनी त्याचे अनुकरण करू नये. जुने घर पडलेले असेल, तर त्याचे चिरे जागेवरच आहेत. ते झाडून, माती खरवडून, कोपरे शाबूत असलेले वेगळे रचून ठेवावेत. नव्या घराच्या निम्म्या भिंती त्यात निघाल्या तर वाहतूकही निम्मी वाचते. आणि आजोबांनी बसविलेला चिरा नातवाच्या भिंतीत पुन्हा बसतो, ही गोष्ट हिशेबाच्या वहीत कोठे मांडावी हे आम्हांस ठाऊक नाही.

चांगल्या घडीव चिऱ्याच्या भिंतीस बाहेरून गिलाव्याची गरज नाही. दरजा नीट भरल्या की झाले. सिमेंटचा गिलावा, त्यावर रंग, आणि दर तीन वर्षांनी काळी बुरशी घासण्याचा खर्च, हे सगळे आपण शहराकडून शिकलो. पाऊस भिंतीस लागू द्यावयाचा नसेल तर वळचण अडीच फूट बाहेर काढावी. गिलाव्याहून ती स्वस्त पडते आणि ओले कपडे वाळवावयास जागा होते.

छपराविषयी थोडे विस्ताराने बोलावयास हवे, कारण घराचे आयुष्य तेथे ठरते आणि वादही तेथेच होतात. आमची शिफारस मंगलोरी कौलांची. १८६५ साली मंगलोरात बासेल मिशनच्या मंडळींनी कारखाना काढला आणि तेथून ही कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पोहोचली. पाख्याचा उतार दर दोन फुटांस एक फूट याहून कमी नसावा. आपल्या २२ बाय १३ च्या घरास चहूबाजूंनी अडीच फूट वळचण धरली, तर उताराच्या अंगाने सुमारे साडेपाचशे चौरस फूट छप्पर होते. शंभर चौरस फुटांस दीडशे या हिशेबाने सव्वाआठशे कौले, आढ्यावरची वेगळी. जुनी घरे आणि शाळा उतरवल्या जातात तेथे जुनी कौले मिळतात. नख्याने किंवा नाण्याने ठोकून पाहावे. खणखणीत वाजले तर घ्यावे, बद्द वाजले तर चीर आहे असे समजून बाजूस ठेवावे. शंभर वर्षांचे खणखणीत कौल आजच्या कमी भाजलेल्या नव्या कौलाहून सरस असते.

लाकूड कमी लागावे म्हणून एक युक्ती आहे. ती जुनीच आहे, पण आजचे नकाशे काढणारे तिला विसरले. बाजूच्या दोन्ही भिंती आणि मधली आडभिंत, अशा तिन्ही भिंती आढ्यापर्यंत त्रिकोणी चढवाव्यात. मग कैच्यांची गरज उरत नाही. आढे या तीन भिंतींवर बसते. वळचणीसह त्याची लांबी २७ फूट, पण ते मधल्या भिंतीवर जोडता येत असल्यामुळे साडेतेरा फुटांचे दोन तुकडे चालतात. वासे दहा फुटांचे पुरतात. एवढ्या लांबीचे ऐन, किंजळ किंवा फणसाचे लाकूड पडक्या घरात बहुधा सापडते. वाळवीने खाल्लेला भाग कापून टाकला तरी दहा फूट हाती राहतात. सत्तावीस फुटी सलग तुळई विकत घ्यावयाची म्हटली तर तेवढ्या पैशांत अर्धे छप्पर होईल.

येथे कोणी विचारील की, स्लॅब का नको? स्लॅब घालावी असे सुचविणारा एक तरी मेहुणा प्रत्येक घरात असतो. वर मजला चढविता येईल, हा त्याचा युक्तिवाद. तो मजला कोण चढविणार आणि त्यात कोण राहणार, हे मात्र तो सांगत नाही. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत काँक्रिटमधील लोखंड गंजते, गंज फुगतो आणि खालचे पापुद्रे सुटतात. स्लॅब गळू लागली की बहुतेकजण तिच्यावर पुन्हा पत्र्याचे छप्पर उभारतात. गावोगाव हे दृश्य दिसते. दोन छपरांचे पैसे देऊन एका छपराचा उपयोग घ्यावयाचा, यास काटकसर कसे म्हणावे? फुटलेले कौल मात्र घरातला कोणीही, शिडीवर चढून, दहा मिनिटांत बदलू शकतो.

कौलाविरुद्ध एकच आक्षेप आम्हांस खरोखर वजनदार वाटतो, आणि तो वानरांचा. अलीकडे अनेक गावांत त्यांच्या टोळ्या छपरांवरून उड्या मारतात आणि एका दिवसात पन्नास कौले फोडतात. पावसाच्या तोंडी हे झाले आणि घर बंद असले तर नुकसान आतपर्यंत जाते. ज्या वाडीत हा उपद्रव रोजचा आहे तेथे हट्ट धरू नये, पत्रा घालावा. पत्रा तापतो आणि पावसात बोलणे ऐकू येत नाही. त्याखाली बांबूच्या तट्ट्यांची आच्छादनी केली तर दोन्ही त्रास सोसण्यासारखे होतात. घराच्या शोभेपेक्षा आतील धान्याचे पोते कोरडे राहणे महत्त्वाचे.

दारेखिडक्या हे छुपे खर्चाचे ठिकाण आहे. खिडकीची जागा तेवढ्याच भिंतीच्या कितीतरी पट महाग पडते. लाकूड, गज, बिजागऱ्या, काच आणि सुताराचे दिवस, हे सर्व त्यात येते. म्हणून चार खिडक्या पुरेत, आणि त्या समोरासमोर असाव्यात, म्हणजे वारा आरपार जातो. वरच्या बाजूस त्रिकोणी भिंतींत चिऱ्यांच्या मध्ये फटी सोडून जाळी करावी. तिला खर्च नाही. उलट चिरे वाचतात. आतून तारेची बारीक जाळी लावली की पाखरे आणि वटवाघळे येत नाहीत. जुन्या घराचे दार शाबूत असेल तर नवे करू नये. आजच्या सुताराच्या हातून तसले दार होणार नाही, आणि झाले तर त्याची किंमत ऐकवणार नाही.

जमिनीस चोपून सारवण करावे की लादी घालावी, यावर आमचे मत विचाराल, तर जेथे कायम राहणारे माणूस आहे तेथे सारवणाची जमीन उत्तम. कुलुपाच्या घरास ती चालत नाही. तिला दर आठवड्याचा हात लागतो. तो नसला की वाळवी आणि उंदीर आपले काम करतात. तेथे साधी शहाबादी फरशी घालून मोकळे व्हावे.

कोठे वाचवावे हे सांगितले; कोठे वाचवू नये तेही सांगितले पाहिजे. पाया व जोते यांत एक पैसाही कापू नये. कठीण थर लागेपर्यंत खणावे आणि जोते भोवतालच्या जमिनीपासून निदान दोन फूट वर घ्यावे. वरच्या डोंगराकडून येणारे पाणी घरास वळसा घालून जाईल असा चर आधी काढावा, मग पाया आखावा. विजेची तार चांगली घ्यावी. आणि गवंड्याची, सुताराची, चिरा वाहणाऱ्या गड्याची मजुरी कापू नये. आपल्यांत अशी एक खोड आहे की, लग्नाच्या मांडवास न विचारता हजारो मोजावेत आणि भर उन्हात चिरे उचलणाऱ्याशी पन्नास रुपयांसाठी तासभर घासाघीस करावी. चांगला गवंडी महाग वाटतो, पण वाकडी भिंत त्याहून महाग असते. आणि ज्या गावात आपण वर्षातून दहा दिवस येणार, तेथे उरलेले साडेतीनशे दिवस आपल्या घरावर नजर ठेवणारा बहुधा हाच माणूस असतो.

यावरून कुलुपाच्या प्रश्नाकडे येतो, कारण आपल्या मंडळींची घरे बांधताना जेवढी बिघडत नाहीत त्याहून अधिक बंद राहून बिघडतात. जुन्या घरांची लाकडे एवढी का टिकली? एक कारण चुलीचा धूर. तो रोज वासे-रिपांतून फिरे. त्याने लाकूड कोरडे राही आणि कीड लागत नसे. धूर बंद झाला, दारे बंद झाली, आणि पाच वर्षांत घर पोखरले. म्हणून बंद घरातही वारा खेळता राहिला पाहिजे. वरची जाळी त्यासाठीच. सामान भिंतीस टेकवून ठेवू नये. गाद्या तर ठेवूच नयेत. चटया आणि सतरंज्या पुरतात. महिन्यातून एकदा कोणी तरी कुलूप काढून दिवसभर घर उघडे ठेवील अशी व्यवस्था करावी, आणि त्या व्यक्तीस तिचे मानधन वेळेवर पोहोचवावे. केवळ ‘काका, जरा लक्ष ठेवा’ एवढ्यावर घर टिकत नाही.

आता सर्वांत नाजूक बाब. घरठाण सामाईक असते. उताऱ्यावर आजोबांच्या मुलांची, त्यांच्या मुलांची, लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावे असतात किंवा असावयास हवीत. ग्रामपंचायतीत घरपट्टी आपल्या नावे भरली म्हणून जागा आपली होत नाही. ती नोंद कर-आकारणीची, मालकीची नव्हे. तेव्हा पहिला चिरा मागविण्यापूर्वी सर्व हिस्सेदारांची लेखी संमती घ्यावी आणि ग्रामपंचायतीची परवानगी काढावी. बहिणींची संमती ‘ती कोठे नाही म्हणणार’ असे समजून गृहीत धरू नये. तिलाही विचारावे, तिचाही हक्क आहे आणि गणपतीस तीही येणार आहे. चार भावंडांनी मिळून एक लहान घर बांधणे हा आमच्या दृष्टीने उत्तम मार्ग होय. प्रत्येकाने किती घातले, घर कोणी कधी वापरावयाचे, दुरुस्तीस दरवर्षी किती जमा करावयाचे, आणि एखाद्यास आपला हिस्सा सोडावयाचा झाला तर त्यास काय द्यावयाचे, हे एका कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. भावाभावांत कागद कशाला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पुढे त्यांचेच कागद कोर्टात जातात. लहान घराचा येथेही फायदा आहे. खर्च थोडा, म्हणून प्रत्येकाचा वाटा थोडा, म्हणून ज्या भावाची मिळकत बेताची आहे तोही मान खाली न घालता आपला वाटा देऊ शकतो. मोठ्या बंगल्यात एकाचे पैसे आणि तिघांचे उपकृत होणे असते. तेथे पुढच्या पिढीची मुले पाहुण्यासारखी वागतात.

शेवटी कामाचा क्रम. पावसाळ्यात जुन्या घराचा माल वेगळा करून झाकून ठेवावा, कागद पुरे करावेत आणि गवंडी ठरवावा. दिवाळीनंतर जमीन वाळली की चर व पाया. पौष-माघात भिंती, त्यांस पाणी मारावयास विहिरीत पाणी असते. फाल्गुनात, शिमग्याच्या गर्दीआधी, लाकूडकाम. चैत्रअखेर कौले चढली पाहिजेत. मृग लागतो ७ जूनच्या सुमारास, परंतु वळवाचा पाऊस कोणाची वाट पाहत नाही. छप्पर झाले आणि पैसे संपले, तर तेथे थांबावे. आतला गिलावा, फरशी, दुसऱ्या खोलीचे दार, ही पुढच्या वर्षाची कामे. त्यापुढच्या वर्षी मागचे पाखे तसेच खाली उतरवून पडवी व न्हाणीघर जोडावे. त्यासाठी मागच्या भिंतीची उंची आणि दाराची जागा आधीच नकाशात धरून ठेवावी. शौचकूप मात्र पहिल्याच वर्षी करावे, विहिरीपासून दूर आणि उताराच्या खालच्या अंगास. घरात वयस्क माणसे आणि लेकीसुना असताना ही गोष्ट पुढे ढकलणे आम्हांस मान्य नाही.

२२ बाय १३ च्या घराचा आराखडा आणि मालाची यादी आम्ही तयार करून आणली आहे. यादीत किमती घातलेल्या नाहीत, कारण प्रत्येक तालुक्याचा आणि प्रत्येक वर्षाचा भाव वेगळा; त्या रकान्यात आपापल्या गावी विचारून आकडे भरावेत. ज्या कुटुंबांस त्यांची प्रत हवी असेल त्यांनी अल्पोपाहारानंतर चिटणीसांच्या मेजापाशी आपले नाव व गाव नोंदवावे. शंका असतील त्या आम्ही तेथेच बसून ऐकू.